शटर बंद झाले का?

रायपुरात चौबे कॉलनी असो वा शंकरनगर, घराच्या तळमजल्यावर गाडी ठेवणाऱ्यांना मे महिन्यात तापलेले शटर हाताने उचलणे नकोसे होते. शटरला विजेची मोटर असेल, तर तिला मोबाइलची जोड देणे आता काही शे रुपयांचे काम आहे.

याचे श्रेय शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने २०१४ साली आणलेल्या ईएसपी ८२६६ या वायफाय चिपला द्यावे लागेल. चिपच्या पट्टीला एक रिले जोडून त्याच्या तारा भिंतीवरील बटणाला समांतर द्यावयाच्या. आज्ञा मिळताच रिले अर्धा सेकंद जुळतो आणि बटण दाबल्याचेच काम होते. हे १२ किंवा २४ व्होल्टच्या बटणापुरतेच. ज्या बटणातून २३० व्होल्टचा प्रवाह जातो, तेथे परवानाधारक इलेक्ट्रिशियनच हवा.

मात्र आज्ञा दिली म्हणजे शटर बंद झालेच, असे समजू नये. चेक भरणे आणि तो वटणे यांत अंतर असतेच! शटरच्या तळपट्टीला चुंबक व चौकटीला रीड स्विच लावला, की दोन्ही समोरासमोर आल्यावरच मोबाइलवर ‘बंद’ असे उमटते. हा स्वस्त भाग कदापि वगळू नये.

अमेरिकेत १९९३ पासून घरगुती गॅरेजच्या स्वयंचलित दारांना अडथळा येताच उलट फिरण्याची सोय बंधनकारक आहे. आपल्या शटरला ती नसल्यास मोबाइलवरून ते केवळ उघडावे. बंद करताना समोर उभे राहावे. वीज गेल्यावर लागणारी हातसाखळीही काढून टाकू नये.