शेवंती का फुलली नाही?



आमचे घर लहान आहे, पण अंगण मोठे आहे. अंगणात गुलबास, सदाफुली, जास्वंद, झेंडू आणि शेवंती आहे. ही सगळी झाडे आईने लावली. आमच्याकडे कुंड्या नाहीत. तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे आहेत. आई डब्याच्या बुडाला खिळ्याने भोके पाडते. त्यामुळे पाणी साचत नाही व मुळ्या कुजत नाहीत.

माझे आईबाबा दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. आमच्या बीड जिल्ह्यातली पुष्कळ माणसे जातात. ते परत येईपर्यंत मी, माझा लहान भाऊ आणि आजी घरी राहतो. या वेळी जाताना आई म्हणाली, "झाडांना पाणी घालत जा. फुलं आली की मला फोटो पाठव. तेवढंच बरं वाटतं."

म्हणून दर रविवारी सकाळी काका मळ्यात जायच्या आधी मी त्यांचा मोबाईल मागून घेते. फोटो काढते. काका ते बाबांच्या मोबाईलवर पाठवतात. आई संध्याकाळी कोपीवर आली की बघते.

फोटो चांगला यावा म्हणून काय करायचे ते मला आता समजले आहे. ते सांगते.

१. मोबाईलची काच आधी मऊ फडक्याने पुसावी. तिला बोटांचे डाग असतात, मग फोटो धुरकट येतो.
२. सकाळचे कोवळे ऊन चांगले. दुपारी बारा वाजता पांढरे फूल काढले तर नुसता पांढरा ठिपका दिसतो, पाकळ्या दिसत नाहीत.
३. गुलबास मात्र सकाळी काढता येत नाही. तो दुपारनंतर चार-पाचच्या सुमारास उमलतो आणि सकाळी ऊन झाले की मिटतो. त्याचा फोटो संध्याकाळीच काढावा.
४. जास्वंदीचे फूल बहुतेक एकच दिवस टिकते. उद्या काढू म्हटले तर ते कोमेजते.
५. खाली बसून कोपर गुडघ्यावर टेकावे. म्हणजे हात हलत नाही.
६. फुलाच्या मागे भावाने पाटी धरली की फूल उठून दिसते.
७. फोटोसाठी फूल तोडू नये.

आता खरी गोष्ट सांगते.

आईने पावसाळ्यात शेवंतीच्या काश्या लावल्या होत्या. काश्या म्हणजे शेवंतीच्या बुंध्याजवळ फुटणारे कोंब. एकाच झाडाच्या काश्या दोन डब्यांत लावल्या. माती एकच, शेणखत एकच. एक डबा दारात ठेवला, दुसरा घरामागे न्हाणीजवळ.

न्हाणीजवळच्या शेवंतीला दिवाळीतच ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या आल्या. पुढे पिवळी फुले आली. मी फोटो पाठवला. आई खूश झाली. पण तिने विचारले, "दारातल्या डब्याला किती फुलं आली?"

दारातल्या झाडाला एकही कळी नव्हती. नुसती हिरवी पाने. ते दुसऱ्या झाडापेक्षा उंच झाले होते, पण कळी नाही. मला वाटले, माझेच पाणी घालायचे चुकले. मी फोनवर म्हणाले, "येतील की आता." हे मी खोटे बोलले. नंतर मी पाणी जास्त घातले, मग कमी घातले. शेणखत घातले. काही झाले नाही. आजी म्हणाली, "नुसत्या पाल्याचं झाड आहे ते. उपटून टाक, कोथिंबीर लावू." मला रडू आले.

मी गुरुजींना सांगितले. गुरुजी म्हणाले, "दोन्ही झाडांचे फोटो आहेत का?" काका शाळेत आले तेव्हा त्यांच्या मोबाईलवरचे सगळे रविवारचे फोटो गुरुजींनी बघितले. एक फोटो मी फार लवकर, उजाडायच्या आत काढला होता. त्यात शेवंतीच्या वर दाराचा दिवा दिसत होता. गुरुजींनी विचारले, "हा दिवा रात्रभर असतो का?"

हो. श्रावणात अंगणात साप निघाला, तेव्हापासून आजी दिवा बंद करू देत नाही.

गुरुजी हसले व म्हणाले, "तुझं पाणी नाही चुकलं. तिला रात्रच मिळाली नाही."

मग त्यांनी वर्गात सगळ्यांना समजावून सांगितले. शेवंती पानांनी रात्र मोजते. हिवाळ्यात रात्र मोठी होते. अंधार सलग पुष्कळ तास मिळाला की तिला कळते, आता कळ्या धरायच्या. मध्ये उजेड पडला तर तिला वाटते रात्र लहानच आहे. मग ती नुसती पाने वाढवते. सदाफुलीला असे काही लागत नाही. म्हणून आमची सदाफुली त्याच दिव्याखाली फुलत होती. सगळ्या झाडांचा नियम एक नसतो.

ही गोष्ट १९२० साली अमेरिकेतील गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी तंबाखू, सोयाबीन अशा झाडांवर प्रयोग करून जगाला सांगितली. फुलांची शेती करणारे काही शेतकरी शेवंतीत मुद्दाम रात्री दिवे लावतात. त्यामुळे फुले उशिरा, हवी तेव्हा येतात. उलट लवकर हवी असतील तर काळे कापड झाकून अंधार करतात.

आजी दिवा बंद करायला तयार नव्हती. तिचे म्हणणेही खरे आहे, सापाची भीती असतेच. म्हणून कार्तिक महिना संपताना मी आणि काकांनी डबाच उचलून न्हाणीजवळ अंधारात नेला. आजीला म्हणाले, "एवढी वाट बघ, मग कोथिंबीर लाव."

मी रोज सकाळी बघायची. साधारण एका महिन्याने शेंड्याला बारीक हिरवी कळी दिसली. मी ओरडतच घरात गेले. जानेवारी संपता संपता पहिले फूल उमलले. आता अकरा फुले आहेत. तुम्ही नीट बघा, शेवंतीचे एक फूल म्हणजे खरे तर पुष्कळ बारीक फुलांचा गुच्छ असतो. प्रत्येक पाकळी हेच एक छोटे फूल असते. हेही गुरुजींनी भिंग देऊन दाखवले.

फुले आल्यावर डबा पुन्हा दारात आणला आणि फोटो काढला. पाटी भावाने धरली. फोनवर आईला मी सगळे खरे सांगितले, खोटे बोलले होते तेही. आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, मला आधीच सांगायचं नाही का? मी काय रागावले असते?" बाबा म्हणाले, आई तो फोटो शेजारच्या कोप्यांतल्या सगळ्या बायकांना दाखवत होती.

आजीने कोथिंबीर दुसऱ्या डब्यात लावली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी शेवंती फुलत नसेल तर लगेच उपटू नका. आधी रात्री जाऊन बघा, तिच्यावर दिवा आहे का. आणि झाडांचे फोटो काढून ठेवा. आपल्याला दिसत नाही ते कधी कधी फोटोत सापडते.

आई आली की तिला ही भिंत दाखवायची आहे. तोपर्यंत हा कागद कोणी फाडू नका.

– इयत्ता ४ थी