दुचाकीवर वारा लागतो, मग ऊन कसे लागते?

मे महिन्यात नागपूरहून चंद्रपूरला मोटरसायकलने निघालात, तर अंतर साधारण दीडशे किलोमीटर. गाडी पळत असते, अंगावर वारा येतो, शर्टही कोरडाच असतो. त्यामुळे उन्हाचा फारसा त्रास होत नाही असे वाटते. फसगत इथेच होते.

आपल्या त्वचेचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. हवा त्याहून थंड असेल तर वारा अंगातली उष्णता काढून नेतो. हवा ४४-४५ अंशांवर गेली की तोच वारा शरीराला उष्णता देऊ लागतो. मग शरीर थंड राहते ते फक्त घाम वाळल्यामुळे. विदर्भातल्या कोरड्या हवेत घाम इतक्या लवकर वाळतो की तो आल्याचे कळतही नाही. पाणी आणि मीठ मात्र शरीरातून जात राहते.

म्हणून त्वचा झाका. सैल, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, हातमोजे, तोंडाला दुपट्टा. थांबाल तिथे बनियन आणि दुपट्टा भिजवून घ्या, वर शर्ट किंवा जॅकेट घाला. ओलावा हळूहळू वाळतो आणि गारवा टिकतो. उकडते म्हणून हेल्मेट हँडलला अडकवू नका. आत पातळ ओला रुमाल बांधा. (खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर निघू नका.)

शक्यतो पहाटे निघा आणि ११ ते ४ रस्त्यावर राहू नका. हे जमले तर बाकीचे निम्मे उपाय लागतही नाहीत.

तहानेची वाट न पाहता तासाभराने सावलीत थांबा व पाणी प्या. नुसते पाणी पुरत नाही. ओआरएस, मीठ घातलेले ताक किंवा लिंबू सरबतही घ्या. रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा आजार असेल, लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पाणी-मिठाचे प्रमाण डॉक्टरांना आधी विचारा. वाटेत स्वच्छतागृह नसते म्हणून अनेक स्त्रिया पाणीच पीत नाहीत. त्यापेक्षा कुठल्या पेट्रोल पंपावर थांबायचे ते आधीच ठरवा. चार-पाच तासांत लघवी झाली नाही किंवा ती गडद पिवळी झाली, तर पाणी कमी पडले आहे.

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे, चक्कर यांपैकी काही जाणवले की गाडी बाजूला घ्या. "अजून वीसच किलोमीटर" म्हणू नका. मागे बसणाऱ्याने चालवणाऱ्याशी अधूनमधून बोलत राहावे. उत्तरे तुटक किंवा असंबद्ध येऊ लागली, तर लगेच थांबवा.

माणूस बरळत असेल, तोल जात असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबून राहू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घाला. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघेत ठेवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. पॅरासिटामॉलही देऊ नका. हा संसर्गाचा ताप नसल्याने त्या गोळीने तो उतरत नाही.