गणपतीच्या पाकिटातले पैसे

सिलिंडरवाला जिना चढून दारात उभा राहिला तेव्हा महिन्याची सत्तावीस तारीख होती. आई शेजारच्या काकूंकडे गेली, उसन्या नोटा घेऊन आली आणि सिलिंडर आत घेतला. मी तेव्हा सहावीत असेन. स्वयंपाकघरातल्या फळीवर, तूरडाळीच्या डब्यामागे, बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता आणि त्यात सिलिंडरच्या तिप्पट पैसे होते. मला ठाऊक होतं, कारण आदल्याच रविवारी मी ते मोजले होते. "मग उसने कशाला आणलेस?" मी विचारलं. "ते गणपतीचे आहेत," आई म्हणाली आणि कामाला लागली. उत्तर पुरेसं आहे याबद्दल तिला काही शंका नव्हती.

दर एक तारखेला बाबांच्या पगाराचं पाकीट आईच्या हातात पडायचं आणि रात्री ओटा आवरून झाला की चटईवर वाटप चालायचं. जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं, त्यांवर पेन्सिलीने लिहिलेलं: वाणी, दूध, लाइट बिल, फी, भिशी, औषधपाणी, गणपती. दुधाच्या पाकिटातून वाण्याला कधी गेलेच, तर आत चिठ्ठी पडायची. घरातल्या घरात उसनवारी, तीही लेखी.

अर्थशास्त्राचं जुनं पुस्तक या प्रकाराला हसतं. त्याच्या मते पैशाला नाव नसतं, कूळ नसतं. गणपतीची शंभराची नोट आणि दुधाची शंभराची नोट बाजारात सारखंच काम करते, तेव्हा डब्यात पैसे असताना शेजारी हात पसरणं हा वेडेपणा. रिचर्ड थेलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाला मात्र हा वेडेपणा अभ्यासण्याजोगा वाटला. माणसं मनातल्या मनात खाती उघडतात, प्रत्येक खात्याची जमा आणि नावे वेगळी मांडतात आणि एका खात्यातलं दुसऱ्यात घालायला कां-कूं करतात, अशी मांडणी त्याने 1985 मधल्या एका शोधनिबंधात केली. 2017 साली त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागच्या कामांत या मनातल्या खातेवहीचा वाटा मोठा होता. बक्षिसाच्या रकमेचं काय करणार, असं विचारल्यावर, जमेल तितक्या अविचाराने उधळीन, अशा अर्थाचं काहीतरी तो हसत बोलून गेला होता.

थेलर सांगतो ती एक गोष्ट तर थेट आमच्या स्वयंपाकघरातली वाटते. जीन हॅकमन आणि डस्टिन हॉफमन हे दोन नट उमेदवारीच्या काळातले दोस्त. एकदा हॉफमनने हॅकमनकडे उसने पैसे मागितले. हॅकमन त्याच्या घरी गेला तर ओट्यावर काचेच्या बरण्या मांडलेल्या, कुणावर 'भाडं' लिहिलेलं, कुणावर 'पुस्तकं', आणि त्यांत पैसे. मग मागतोस कशाला? हॉफमनने खाण्याच्या बरणीकडे बोट दाखवलं. ती रिकामी होती.

ही खाती खरोखर असतात हे सिद्ध कसं करायचं? डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या जोडीने 1981 सालच्या एका निबंधात एक साधा प्रश्न दोन तऱ्हांनी विचारला. तुम्ही नाटकाला निघालात, तिकीट दहा डॉलरचं. थिएटरशी पोचल्यावर कळतं की खिशातली दहाची नोट कुठेतरी पडली. तरी तिकीट काढाल? 88 टक्के लोक हो म्हणाले. दुसऱ्या गटाला सांगितलं, तिकीट आधीच काढलं होतं आणि ते हरवलं. पुन्हा काढाल? आता होकार 46 टक्क्यांवर आला. नुकसान दोन्हीकडे दहा डॉलरचंच. पण पडलेली नोट कोणत्याच खात्यातली नव्हती, तर हरवलेलं तिकीट 'नाटक' या खात्यात खर्ची पडलं होतं. दुसरं काढलं की त्या खात्यात नाटक वीस डॉलरचं होऊन बसतं, आणि वीस डॉलरचं नाटक परवडत नाही.

त्याच निबंधात आणखी एक प्रश्न होता. पंधरा डॉलरचा कॅल्क्युलेटर वीस मिनिटांच्या अंतरावरच्या दुकानात पाच डॉलर स्वस्त मिळत असेल तर जाल का? 68 टक्के तयार. तेच पाच डॉलर सव्वाशे डॉलरच्या वस्तूवर वाचत असतील तर? 29 टक्के. कोथिंबिरीच्या जुडीवर पाच रुपयांसाठी भाजीवालीशी हुज्जत घालणारा आणि त्याच संध्याकाळी नव्या गाडीच्या बिलात सीटकव्हरचे काही हजार मुकाट्याने वाढवून घेणारा माणूस आपल्याला परका नाही. मी तर त्याला रोज आरशात बघतो.

प्रश्नपत्रिकेतली उत्तरं आणि खिशातून गेलेले पैसे यांत फरक असू शकतो, ही शंका रास्त आहे. म्हणून मला पेट्रोलचा पुरावा जास्त पटतो. 2008 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं होतं. वर्षअखेरीस ते दोन डॉलरच्याही खाली आलं. एवढी घसरण झाली ती मंदीमुळे. नोकऱ्या जात होत्या, घरांच्या किमती कोसळत होत्या. अशा वेळी लोकांनी हात आखडायला हवा. जस्टीन हेस्टिंग्ज आणि जेसी शपिरो यांनी खरेदीच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की याच काळात लोक साध्या पेट्रोलऐवजी महागडं, वरच्या दर्जाचं पेट्रोल अधिक भरू लागले होते. गाडीला त्याची गरज होती म्हणून नव्हे. 'पेट्रोल' या खात्यात पैसे उरले होते, ते पेट्रोलवरच उडाले. ते वाणसामानाच्या खात्यात वळले नाहीत.

आपल्या भाषेला हे सगळं आधीच माहीत असावं. नाहीतर वरकमाई, ओवाळणी, गंगाजळी, घामाचा पैसा असे शब्द कशाला लागले असते? सारे रुपयेच, पण प्रत्येकाची वागणूक वेगळी. वरकमाई वाऱ्यावर जाते. भाऊबिजेच्या ओवाळणीतून कुणी लाइट बिल भरत नाही. मुदतठेव मोडायची नाही म्हणून क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज सोसणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. त्या ठेवीला वर्षाला सहा-सात टक्के मिळत असतात. सोन्याबद्दल तर बोलायलाच नको. गहाण ठेवतील, व्याज भरत राहतील, पण 'मोडणार' नाहीत. हा शब्दच बघा: पैसे खर्चतात, सोनं मोडतात.

एकदा खातं उघडलं की ते तोट्यात बंद करणं जिवावर येतं. थाळी अमर्याद असली की तिसऱ्या वाटीनंतरचा श्रीखंडाचा घास पोटासाठी नसतो, वसुलीसाठी असतो. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी ही वसुली ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात मोजली. हंगामाचं तिकीट काढायला आलेल्या पहिल्या साठ जणांपैकी काहींना पूर्ण किंमत, म्हणजे 15 डॉलर, लावली. काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तशी आंधळेपणाने सवलत दिली. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. तरी हंगामाच्या पहिल्या सहामाहीत पूर्ण पैसे मोजलेले लोक जास्त वेळा आले. गंमत पुढे आहे. उत्तरार्धात हा फरक विरून गेला. म्हणजे खर्चाची सलही हळूहळू बोथट होत असावी. महागात घेतलेला, चावणारा बूट आपण एकदम टाकत नाही. आधी तो कपाटाच्या तळाशी जातो, मग माळ्यावर, आणि दोन दिवाळ्या उलटल्यावर भंगारवाल्याकडे.

इथवर मनातली खाती म्हणजे चुकांचा कारखाना वाटेल. अनेक पुस्तकांत ती तशीच येतात आणि त्याबद्दल माझी तक्रार आहे. आईच्या पाकिटांनी आमचे गणपती कधी चुकू दिले नाहीत. हाताशी पैसा बेताचा असताना 'हे त्यातले नाहीत' हे वाक्य कुलपाचं काम करतं. दिलीप सोमन आणि अमर चीमा यांनी भारतातल्या ग्रामीण मजुरांबरोबर केलेला एक प्रयोग 2011 साली प्रसिद्ध झाला. आठवड्याच्या मजुरीतून शिलकीची रक्कम बंद पाकिटात ठेवून दिली जायची. काहींना एक पाकीट, काहींना तीच रक्कम दोन पाकिटांत विभागून. काही पाकिटांवर त्यांच्याच मुलांचा फोटो. पाकीट फोडायला कुणाची आडकाठी नव्हती. तरी दोन पाकिटांत विभागलेली शिल्लक जास्त टिकली, आणि मुलांचा फोटो असलेली पाकिटं फोडताना हात अधिक अडखळले. एक पाकीट फोडणं ही एक घटना, दुसरं फोडणं ही दुसरी. मधल्या क्षणात माणूस विचार करतो.

नावात किती बळ असतं याचा सर्वात ठोस आकडा ब्रिटनमधून आला आहे. तिथे अभ्यास झाला त्या काळात वृद्धांच्या घरांना दर हिवाळ्यात सरकारकडून 'इंधनासाठी' म्हणून एकरकमी मदत मिळायची. ती इंधनावरच खर्चावी अशी अट नव्हती, पावती कुणी मागत नसे. साधा जादा पैसा म्हणून बघितलं तर त्यातला 3 टक्के इंधनाकडे जावा असा हिशेब होता. प्रत्यक्षात 47 टक्के गेला. निव्वळ नाव दिल्याने. आपल्याकडे 2024 च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते राखी पौर्णिमेच्या तोंडावर जमा झाले, तेव्हा नाव आणि मुहूर्त निवडणाऱ्यांना हे संशोधन माहीत असण्याची गरज नव्हती. भावाने दिलेले पैसे आणि सरकारने दिलेले पैसे यांतला फरक इथल्या प्रत्येकाला कळतो.

सगळेच निष्कर्ष इतके घट्ट टिकलेले नाहीत, हेही सांगायला हवं. 1997 मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सीचालकांवरचा एक अभ्यास गाजला. हे चालक बारा तासांसाठी गाडी भाड्याने घेतात आणि मिळेल ते भाडं त्यांचं. ज्या दिवशी गिऱ्हाईक रीघ लावतं त्या दिवशी जास्त तास चालवणं फायद्याचं. पण ते ठरलेली रक्कम जमली की लवकर घरी जातात, असं त्यात दिसलं. थेलर हा त्या अभ्यासकांपैकी एक. भर पावसात रिक्षा का मिळत नाही याचं उत्तर अनेकांना त्यात सापडलं. पुढे हेन्री फार्बर यांनी कितीतरी मोठ्या नोंदी तपासल्या तेव्हा बहुतेक चालक चांगल्या दिवशी जास्तच वेळ काम करतात, असं निघालं. मूळ अभ्यासातही अनुभवी चालक नवख्यांपेक्षा शहाणे ठरले होतेच. पावसात रिक्षा मिळत नाही त्याचं कारण मग दुसरंच काही असावं.

आता पाकिटंच गेली. पगार खात्यात येतो आणि फोनमधून दुधाला, वाण्याला, रिक्षाला, सिनेमाला एकाच धारेने वाहून जातो. ड्रॅझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी एमआयटीतल्या विद्यार्थ्यांसमोर बॉस्टनच्या बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांचा लिलाव मांडला होता. रोख द्यायचे आहेत असं सांगितलेल्यांपेक्षा कार्डाने द्यायचे आहेत असं सांगितलेल्यांनी सुमारे दुप्पट बोली लावली. यूपीआय म्हणजे कार्ड नव्हे, पैसे तिथे लगेच जातात. पण नोट मोडताना हाताला जे जाणवायचं ते बोटाच्या एका ठोक्यात जाणवत नाही, आणि वेगळ्या पाकिटातून काढावे लागत नाहीत म्हटल्यावर कुणाचे गेले हेही कळत नाही.

आईने मात्र यावर तोड काढली आहे. आता ती ऐंशीच्या घरात आहे. फोनवरून पैसे पाठवायला नातीने शिकवलं, तेव्हापासून दूधवाल्यालाही तसेच देते आणि वाण्यालाही. गेल्या गणपतीत उकडीचे मोदक बाहेरून मागवले, देणाऱ्या बाईंना तिने माझ्यासमोर फोनवरून पैसे पाठवले. मग उठली, डाळीच्या डब्यामागून पत्र्याचा डबा काढला, गणपतीच्या पाकिटातून मोजून तेवढ्याच नोटा घेतल्या आणि दुधाच्या पाकिटात घातल्या.

"हे काय?" मी म्हटलं.

"अरे, फोनमधून गेले ते दुधाचे होते ना."