फळ्यामागचे डबे

मे महिना आणि दिवाळीची सुट्टी या दिवसांत सारसोळे-नेरूळ भागात हॉल मिळवणं महाकठीण. लग्नं, मुंजी असतातच. त्यात आता शाळांच्या स्नेहमेळाव्यांची भर पडली आहे. दाराशी ‘आमची दहावी, आमची बॅच’चा फ्लेक्स, आत शाल-श्रीफळाची ताटं, गावाहून गाडी करून आणलेले सर आणि पन्नाशी ओलांडलेली माणसं एकमेकांना ‘काय रे बाळ्या’ म्हणत पाठीत धपाटे घालताना दिसतात. गंमत म्हणजे त्यातल्या कितीतरी शाळा इथल्या नसतातच. त्या असतात पाटणच्या, कोरेगावच्या, वाईच्या. घाऊक बाजार मुंबईतून तुर्भ्याला आला आणि त्याच्या मागोमाग सातारा-सांगलीकडचे माथाडी कामगारही नवी मुंबईचे झाले. त्यांनी संसार इकडे आणला, शाळा मात्र तिकडेच राहिली.

सारसोळे गाव जुनं, खाडीकाठचं, कोळ्यांचं. भोवतालचं शहर मात्र सिडकोच्या स्थापनेनंतरचं, म्हणजे १९७० च्या पुढचं. इथल्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांत अजून आजोबा झालेले थोडेच. नेरूळच्या ‘विद्याभवन’सारख्या शाळेमागे १९०९ साली सुरू झालेलं पुण्याचं विद्यार्थी गृह उभं आहे, पण ती पुण्याई संस्थेची. शतकभर आठवणी साठलेली शाळा पाहायची, तर घाट चढावा लागतो.

म्हणून मेळाव्यातल्या सातारकरांबरोबर आपणही साताऱ्यालाच जाऊ. जुन्या राजवाड्यातलं तिथलं सरकारी हायस्कूल, पुढे प्रतापसिंह हायस्कूल झालेलं. इंग्रजी शिकायचं तर जिल्ह्याच्या ठिकाणी अशी एकच शाळा असायची, आणि साताऱ्याच्या नावाला वजन होतं. १८७५ मध्ये कोकणातल्या मुरूडचा एक मुलगा मित्रांबरोबर सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला आला, तो मात्र शाळेसाठी नव्हे, सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी. वय सतरा, चण इतकी लहान की परीक्षकांचा वयावर विश्वासच बसेना. त्यांनी त्याला बसूच दिलं नाही. हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून ते मॅट्रिक झाले, तेव्हा १८८१ साल उजाडलं होतं. इतक्या पायपिटीनंतर हाती आलेली उणीपुरी चार वाक्यांची इंग्रजीसुद्धा माणूस जन्मभर जपून ठेवणार, यात नवल नाही. त्या पिढ्यांच्या आठवणींत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, पाठ केलेली रूपं आणि तळहातावरची छडी ठरलेली. पुलंचे चितळे मास्तर प्रत्येकाला आपल्याच शाळेत भेटले होते असं वाटतं, त्याचं कारणही हेच.

आता त्याच साताऱ्याच्या शाळेचं रजिस्टर उघडू. ७ नोव्हेंबर १९००. पहिली इंग्रजीत दाखल झालेला मुलगा : भिवा रामजी आंबेडकर, क्रमांक १९१४. भिवा या शाळेत चार वर्षं होता.

बाबासाहेबांनी शाळेच्या आठवणी लिहिल्या त्या १९३०-४० च्या दशकात, परदेशी वाचकाला अस्पृश्यता म्हणजे काय ते कळावं म्हणून. तो मजकूर पुस्तिकेच्या रूपाने आला १९९० मध्ये, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने. त्यात शाळा येते ती गोणपाटातून. वर्गात इतरांबरोबर नव्हे, एका कोपऱ्यात बसायचं. बसायला स्वतःचा गोणपाटाचा तुकडा. झाडणारा नोकरही त्याला हात लावणार नाही, म्हणून संध्याकाळी तो घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. तहान लागली तर आधी शिक्षकांची परवानगी. मग नळ शिपायाने सोडायचा. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींचे गठ्ठेच्या गठ्ठे आपल्याकडे आहेत, पण शाळेतला पाण्याचा नळ इतक्या जवळून फार थोड्यांनी दाखवला आहे. इतरांना तो दाखवायची गरजच पडली नाही. तो सोडला की पाणी येई.

आणि तरीही याच माणसाच्या आठवणींत साताऱ्याची मायाही आहे. आंबेडकर आडनावाचे एक गुरुजी होते. मधल्या सुट्टीत भिवाला जेवायला लांब घरी जावं लागू नये म्हणून ते आपल्यातली भाजी-भाकरी त्याला देत. त्या भाकरीची चव बाबासाहेब विसरले नाहीत. गोलमेज परिषदेला निघताना या गुरुजींचं पत्र आलं, तेही त्यांनी जपून ठेवलं. दुसरे पेंडसे मास्तर. एका पावसाळी दिवशी भिवा मुद्दाम भिजत शाळेत गेला. मास्तरांनी आपल्या मुलाबरोबर त्याला घरी पाठवलं, गरम पाण्याने अंघोळ घालायला आणि कोरडं नेसवायला सांगितलं. भिवाला वाटलं, चला, आज शाळा बुडाली! मास्तरांनी त्याला लंगोटीवरच वर्गात आणून बसवलं. पोरगं रडकुंडीला आलं. कुठल्याही मेळाव्यात हशा मिळवील अशी ही हकीकत आहे. मला ती मोलाची वाटते, कारण गोणपाट आणि गरम पाणी एकाच गावच्या शाळेतलं आहे. एक खरं म्हणून दुसरं खोटं होत नाही.

पुढे मुंबईचं एल्फिन्स्टन हायस्कूल. शिक्षकाने भीमरावांना गणित सोडवायला फळ्याशी बोलावलं, तशी मुलांची एकच धांदल उडाली. फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. डबे आधी उचलले गेले, मग फळा मोकळा झाला. संस्कृत शिकायची इच्छा होती, ते शिकवलं गेलं नाही. फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. पाचच वर्षांनी, १९१२ मध्ये, कुलाबा जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. तेही एल्फिन्स्टनचेच. पुढे दोघेही केंद्रात मंत्री झाले, दोघांचाही शाळेने अभिमान बाळगावा. पण या दोघांना एका व्यासपीठावर बसवून ‘आमचे संस्कृतचे सर’ या विषयावर बोलायला सांगितलं असतं, तर?

भिवाने सातारा सोडला त्याला वीस वर्षं झाली, तेव्हा त्याच गावात भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं. १९१९ मध्ये काले इथे सुरू झालेली रयत शिक्षण संस्था १९२४ मध्ये साताऱ्याला आली. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहणार, एकाच पंगतीत जेवणार, आळीपाळीने स्वयंपाक करणार. पैसे संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते या बोर्डिंगला छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. फी नाही, पण हाताला काम. रयतच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलायला बसा. शेक्सपिअर नंतर येतो. आधी येतात खडी फोडणं, विहिरीचं पाणी शेंदणं आणि कोणाच्या भाकऱ्या करपायच्या त्याचे किस्से. शंभर मुलांच्या भाकऱ्या थापलेल्या माणसाला शेजारच्याची जात विचारायला फुरसत कुठली, असं एक निवृत्त शिक्षक मला म्हणाले होते. फुरसत काढणारे तिथेही असतील. पण पंगत मोडली नाही, हे खरं.

आता ही संस्था खाडीच्या या बाजूलाही आहे. वाशीचं कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय १९७९ चं. माथाडींच्या मुलांपैकी कित्येक जण तिथूनच पदवीधर झाले.

७ नोव्हेंबर हा दिवस राज्यात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तो दिवाळीच्या आगेमागेच येतो आणि सुट्टीत निघून जातो. आमच्याकडच्या एका बॅचने यंदा मेळावा त्याच सुमाराला, थेट साताऱ्यात घ्यायचं ठरवलं आहे. बस ठरली, टी-शर्टचा रंग ठरला. जेवणाच्या पॅकेजवर मात्र वाद चालू आहे : केटररची बुफे की जमिनीवरची पंगत. गुडघेदुखीवाल्यांनी बुफेला मतं दिली आहेत. उरलेल्यांचं म्हणणं, ज्याला खाली बसवत नाही त्याला खुर्ची द्या, पण वाढायला आपणच उभं राहायचं, आणि या वेळी मागच्या बाकावरच्यांना आधी.