लावून दिलेला मुलूख

यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशावरून बोट फिरवीत गेले, म्हणजे ज्यांच्या नावाला ‘इजारा’ हा शब्द जोडलेला आहे अशी गावे मधून मधून भेटतात. ओसाड पडलेल्या जमिनी वस्तीस व लागवडीस याव्यात म्हणून इंग्रजी अमदानीत त्या मुदत ठरवून इजारदारांस दिल्या जात, त्या रीतीची ही खूण. परंतु ज्या सरकारने हे इजारे दिले, ते सरकारच त्या वेळी या मुलखाचे खरे धनी नव्हते, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानी असते. वऱ्हाडचे, आणि अर्थातच वणी-यवतमाळचे, धनीपण कोणाकडे, हा वाद पाऊण शतकाहून अधिक काळ तीन इंग्रजी क्रियापदांच्या अर्थभेदाभोवती फिरत राहिला: ‘असाइन’, ‘सीड’ आणि ‘लीज’.

तिन्हींचा ढोबळ अर्थ ‘देणे’ असाच आहे. पण देण्या-देण्यात केवढे अंतर असते, हे आपल्याकडचा कोणताही कास्तकार सांगू शकेल. वावर विकले काय, बटईने दिले काय, की सालभराच्या मक्त्याने दिले काय, औत दुसऱ्याचेच चालते. मात्र सातबारावर नाव कोणाचे राहिले आणि वावर परत मागण्याचा हक्क कोणास उरला, हे त्या एका शब्दावरच ठरते. ‘सीड’ म्हणजे मुलूख तोडून देणे. त्यात देणाऱ्याचा संबंधच संपतो. ‘असाइन’ला मराठी दप्तराने फार नेमका शब्द घडवून ठेवला आहे, तो म्हणजे ‘लावून देणे’. फौजेच्या खर्चास अमुक परगणे लावून दिले, असे आपण सरंजामाविषयी म्हणतो, तेव्हा वसूल सरंजामदार खातो, परंतु राज्य धन्याचेच राहते.

२१ मे १८५३ च्या तहान्वये हैदराबादच्या नासिरुद्दौला निजामाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूरचा दुआब ईस्ट इंडिया कंपनीस दिले ते नेमके असेच. निजामाच्या खर्चाने पोसल्या जाणाऱ्या, पण इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीतील कंटिंजंट फौजेचा पगार थकला होता, कर्ज साचले होते; त्यापोटी महसूल लावून दिला गेला. कंपनीने दरसाल हिशेब द्यावा व शिल्लक निजामास पोचवावी, असे कलमही घालण्यात आले. ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ हे सरकारी नाव त्यातूनच आले, आणि १८६४ त निर्माण झालेला आपला जिल्हा, जो पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला, तोही त्याच नावाखाली नांदला.

१८६० च्या तहाकडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे. धाराशिव व दुआब परत गेले. १८५७ च्या बंडानंतर इंग्रजांच्या ताब्यात आलेले सुरापूर निजामास तोडून दिले गेले, तेही पूर्ण सार्वभौमत्वासह. वऱ्हाड मात्र ‘लावून दिलेले’च राहिले, आणि वार्षिक हिशेब मागण्याचा निजामाचा हक्क तेवढा गेला. एकाच दस्तऐवजात दोन मुलखांसाठी दोन निराळी क्रियापदे योजणाऱ्यांना त्यांतील भेद ठाऊक नव्हता, असे कोण म्हणेल? याच भेदावर भिस्त ठेवून निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावे म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली. १८७६ त ते विलायतेसही जाऊन आले, पण हाती काही आले नाही.

नोव्हेंबर १९०२ मध्ये तिसरा शब्द आला. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी निजाम महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड सालीना पंचवीस लाख रुपयांच्या ठराविक खंडावर ‘लीज’ने घेतले, पण कायमचे. माझ्या मते साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोठा अन्याय या विशेषणात आहे. इजाऱ्याचा प्राण मुदतीत असतो. मुदत सरली की जमीन धन्याकडे परतते, निदान खंड नव्याने ठरतो. मुदतच काढून घेतली तर उरते ती मिरास, आणि मिरासदारास कोण उठवणार? जो खेडूत इजाऱ्याच्या गावात राहून मुदतीचे महत्त्व जन्मभर जाणत होता, त्याचा अवघा प्रांत बिनमुदत इजाऱ्यात गेला, आणि त्याला कोणी विचारलेही नाही. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्यप्रांतास जोडले गेले, आणि १९०५ त वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. पुढचे निजाम उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मिळण्याची मागणी पुन्हा उकरून काढली, तेव्हा मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी त्यांना इंग्रजी सत्तेच्या सर्वश्रेष्ठत्वाची जाणीव करून देऊन ती फेटाळली.

या शब्दच्छलाची झळ सामान्य मतदारालाही पोचली. वऱ्हाड कायद्याने ‘ब्रिटिश इंडिया’ नव्हते. म्हणून येथील लोकांनी रीतसर निवडून दिलेल्या माणसासही सरकारने पुन्हा नियुक्त करावे, तेव्हाच तो कायदेमंडळात बसणार. निवडणे आणि नेमणे या दोन क्रियांमध्ये लोकशाहीचे सारे मर्म आहे, आणि येथे दुसरीवाचून पहिली अपुरी ठरत होती. वणीस १८८० त जन्मलेले, यवतमाळास वकिली केलेले लोकनायक बापूजी अणे मध्यवर्ती कायदेमंडळात बसत, तेव्हा कामकाजाच्या छापील वृत्तांतात त्यांच्या नावापुढे मतदारसंघाच्या जागी एवढेच असे: ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’.