घास घशाखाली उतरताना

एकदा आवंढा गिळून पाहा. सहज जमेल. आता लगेच, न थांबता, आणखी तीन-चार वेळा गिळा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळीच अडायला होतं. तोंडातली लाळ संपलेली असते आणि मनात असूनही घसा हलत नाही.

शाळेत आपण ऐच्छिक आणि अनैच्छिक स्नायू असे दोन रकाने पाठ केले. हातापायांचे स्नायू एकीकडे, जठर-आतड्यांचे दुसरीकडे. घास मात्र हे रकाने जुमानत नाही. चावणं आणि जिभेने घास मागे ढकलणं आपल्या मर्जीचं. तो घशाच्या मागच्या बाजूला टेकला, की सूत्रं मेंदूच्या देठातल्या केंद्राकडे जातात. पडजिभेकडचा भाग उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते. स्वरयंत्र वर सरकतं (कंठमण्यावर बोट ठेवलंत तर जाणवेल), श्वासनलिकेच्या तोंडावर झडप येते, श्वास क्षणभर थांबतो. हे सारं साधारण एका सेकंदात! पुढे सुमारे 25 सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून आकुंचनाची लाट घासाला आठ-दहा सेकंदांत जठरात पोहोचवते. या नलिकेच्या वरच्या भागातले स्नायू दंडातल्या स्नायूंसारखेच पट्टेदार असतात, तरी ते आपलं ऐकत नाहीत. लाटेला गुरुत्वाकर्षणाचीही गरज नसते. म्हणून तर 1984 मध्ये राकेश शर्मा जवळपास आठ दिवस अवकाशात जेवू शकले.

एवढं बिनबोभाट चालणारं काम पक्षाघातात बिघडतं. तोंड वाकडं झालेलं, हात लुळा पडलेला सगळ्यांना दिसतो. घसा दिसत नाही. आणि आपल्याकडे कुणी कोसळलं, की पहिला हात पाण्याच्या तांब्याकडे जातो. झडप वेळेवर बंद झाली नाही तर ते पाणी फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनियाला वाट मिळते. ठसका लागला तर निदान कळतं तरी. पण घशाची संवेदनाच गेली असेल तर ठसकाही लागत नाही, आणि घरच्यांना वाटतं, छान प्यायले!

म्हणून पक्षाघाताची शंका येताच रुग्णालय गाठायचं. वाटेत पाणी नाही, चहा नाही, गोळीसुद्धा नाही. तिथे गिळण्याची तपासणी झाल्यावरच तोंडाने काही सुरू करतात. पुष्कळदा नुसत्या पाण्याऐवजी दाटसर पदार्थ आधी देतात. नातेवाइकांना याचं नवल वाटतं, कारण पातळ ते सोपं असा आपला समज. पण पाणी भरकन घसरतं आणि मंदावलेल्या घशाला तेवढी सवड मिळत नाही.

घरी आल्यावर रुग्णाला आडवं ठेवून भरवू नये. सरळ बसवावं, घास लहान द्यावा, पहिला उतरल्याशिवाय दुसरा पुढे करू नये. जेवताना त्याच्याशी गप्पाही नकोत. खाल्ल्या-प्यायल्यावर आवाज घोगरा, पाणी अडकल्यासारखा येऊ लागला, तर ठसका नसला तरी भरवणं थांबवून डॉक्टरांना कळवावं.