लाडू चालतो, मग कुंकू का नाही?

मी पुण्यातून बोलतेय, कर्वेनगरहून. वय २४, लग्न व्हायचंय. हे आधीच सांगून टाकते, कारण हळदीकुंकवाला गेलं की पहिला प्रश्न तोच असतो. आणि आज मी हळदीकुंकवाबद्दलच बोलणार आहे.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या इमारतीत रोज कुणाकडे ना कुणाकडे हळदीकुंकू असतं. आमंत्रण व्हॉट्सॲपवर येतं, वेळ सहा ते नऊ. काळी साडी, अत्तर, तिळाचा लाडू आणि वाण. वाण म्हणजे बहुतेक वेळा प्लास्टिकचा डबा. आमच्या आईने एका वर्षी लुटलेला डबा तीन वर्षांनी दुसऱ्या घरून आमच्याकडेच परत आला. तळाला आईने नेलपॉलिशने केलेली खूण तशीच होती. आई म्हणाली, "बघ, दिलेलं वाया जात नाही."

गंमत बघा, या सणात आपण किती बदल करून घेतले आहेत. सुगडात बोरं, गाजर, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे भरायचे, ती आता बाजारात भरूनच मिळतात. नोकरीवाल्या बायका तिथी सोडून रविवार धरतात. कपाळावर आधीच टिकली असते, म्हणून कुंकू टिकलीच्या खाली लावतात. यातल्या एकाही बदलाला कुणी "धर्म बुडाला" म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र बदलली नव्हती. आमच्याकडचे लाडू काकू करते. माझे काका २०२१ मध्ये करोनात गेले. तेव्हापासून काकू आमच्याकडेच असते. पाक किती घ्यायचा ते आईला अजून जमत नाही, काकूला डोळे मिटून जमतं. पण पहिली बाई दारात आली की काकू स्वयंपाकघरात जायची आणि शेवटची गेली की बाहेर यायची. तिला कुणी "आत जा" म्हटलं नव्हतं. म्हणावं लागतच नाही. ती आपली आपण जाते, म्हणून आपल्याला वाटतं की तिचं काही म्हणणं नाही.

म्हणजे काकूच्या हातचा लाडू चालतो, काकूच्या कपाळाला कुंकू चालत नाही. हा हिशेब मला कधी जमला नाही.

लोक म्हणतात, कुंकू नवऱ्याचं. मी जुने फोटो काढून पाहिले. काकू बारशाच्या फोटोत आहे, कपाळाला तीट आणि हातात काळे मणी. शाळेच्या फोटोत टिकली आणि बांगड्या. तेव्हा काका कुठे होते? जे नवरा यायच्या आधी होतं, ते नवरा गेल्यावर का जावं?

मी राहते ते कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, म्हणून मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला आला. त्यांच्याही आधी, १८५२ मध्ये, सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात तिळगुळाचा समारंभ केला. कुठल्याही जातीच्या बाईने यावं, सगळ्यांनी एकाच जाजमावर बसावं आणि सगळ्यांना सारखंच हळदीकुंकू लावावं, अशी त्याची रीत ठेवली होती. तेव्हा ते फार धाडसाचं होतं. आज एका जाजमावर बसण्याचं आपल्याला काही वाटत नाही. मग कर्व्यांचं नाव पत्त्यात लिहायचं आणि काकूला स्वयंपाकघरात बसवायचं, हे कसं?

आणि हे शहरातलं फॅड आहे असं समजू नका. खरी वाट गावाने दाखवली आहे. करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी, आपल्या मागे पत्नीवर या प्रथा लादू नयेत, असं स्वतःच लिहून ठेवलं आणि गावोगावी ही गोष्ट मांडली. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ४ मे २०२२ ला ग्रामसभेत ठराव केला: नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं आमच्या गावात बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष होतं. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. पुण्यातल्या आमच्या इमारतीला जे सुचलं नाही, ते एका खेड्याला सुचलं.

तुमच्या गटाला हे करायचं असेल तर काय करता येईल?

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथे विषय मांडा, ठराव लिहून घ्या आणि तो ग्रामसभेत ठेवायला सांगा. ठरावाने कुणाला तुरुंगात टाकत नाहीत, पण दुःखाच्या दिवशी बांगड्या फोडायला पुढे येणाऱ्या हाताला थांबवायला एक कागद हाती असतो.

आमंत्रणात "सुवासिनींनी यावे" ऐवजी "सर्व महिलांनी यावे" लिहा. मात्र तेवढ्यावर थांबू नका. जिला पूर्वी वगळलं होतं तिच्या घरी स्वतः जा, नाहीतर ती येणार नाही.

आणि कुंकू लावण्याआधी विचारा. जबरदस्तीने पुसणं जसं वाईट, तसं जबरदस्तीने लावणंही. तिला नको असेल तर फूल द्या, वाण द्या, शेजारी जागा द्या.

आणखी एक. कपाळाबरोबर सातबाराही बघा. नवऱ्यामागे तिचं नाव वारस म्हणून लागलं का, तलाठ्याकडे जाताना तिच्यासोबत कोण जाणार, हेही त्याच बैठकीत ठरवा.

आमच्याकडे काय झालं? गेल्या संक्रांतीला मी करंडा घेऊन स्वयंपाकघरात गेले. काकू म्हणाली, "अगं, मला नको. बायका काय म्हणतील?" मागून आई म्हणाली, "बायका लाडवाला काय म्हणतात ते ऐकायला तरी बाहेर ये."

काकू आली. कुंकू नको म्हणाली, हळद लावून घेतली, वाण घेतलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. दोघीजणी जरा लवकर उठल्या. लाडू मात्र घेऊन गेल्या. बाकीच्या बसल्या, आणि थोड्या वेळाने एकीने काकूला पाक कसा ओळखायचा ते विचारलं. त्यानंतर तासभर काकूच बोलत होती.

यंदा काकू कुंकू लावून घेईल की नाही, मला माहीत नाही. ते तिचं तिने ठरवायचं. पण यंदाचं वाण काय आणायचं ते तिने आत्ताच सांगून ठेवलंय: "प्लास्टिकचा डबा नको. गेल्या वर्षीचा मलाच आला होता."

तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि जी आत बसली आहे, तिला आधी हाक मारा.